आमच्या टाकीवर तीन दिवस : पवना, तिकोना, तुंग

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. २०१९ च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवडकरांच्या ते अंगवळणी पडलंय. पाण्याच्या दिवशी बाबा पहाटे साडेपाचला उठून मोटर लावतात आणि गच्चीच्या जिन्यात कान देऊन उभे राहतात. पाण्याचा आवाज बदलला की टाकी भरत आली. अडुसष्ट वय, गुडघे कुरकुरतात, पण टाकी एकदाही वाहू दिली नाही हा त्यांचा दावा आहे आणि तो खरा आहे.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. चौदा वर्षांचा. मोबाईलवर तंबू, दिव्यांच्या माळा, मागे निळंशार पाणी असलं काहीतरी दाखवत म्हणाला, "मावशी, पवना लेकला जाऊ या ना."

बाबांनी पेपरातून मान वर काढली नाही. "लेक कसलं? टाकी आहे ती आपली."

आम्ही रोज पितो ते पाणी तिथलं. आणि गेल्या तीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही ते धरण धड पाहिलेलं नव्हतं. लोहगडावरून लांबून दिसलं तेवढंच. मग बाबाच म्हणाले, मी पण येतो. त्यांचे गुडघे, मे महिन्याचं ऊन, दोन किल्ले, मी सगळं मोजून दाखवलं. "टाकी बघायला येतोय, किल्ल्यांचं किल्ल्यांपाशी बघू," एवढंच उत्तर मिळालं.

पहिला दिवस : कामशेत, बेडसे, पवनानगर

आकुर्डीहून सकाळची लोकल धरली. उन्हाळ्यात लोणावळा लोकलला खिडकी मिळाली की अर्धी सहल तिथेच होते. बेगडेवाडी, घोरावाडीपर्यंत इमारती रेंगाळत राहतात, वडगाव सोडलं की डोंगर जवळ येतात. कामशेतला उतरून वडापाव, चहा आणि पवनानगरच्या रस्त्याला लागणारी जीप.

वाटेत बेडसे लेणी करायची हा माझा हट्ट होता. कार्ला-भाजेला गर्दी असते, बेडशाला आम्ही तिघे, एक राखणदार आणि मधमाशा. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बाबा दर पन्नास पायऱ्यांना थांबून "दृश्य बघतोय" म्हणत होते.

इथलं चैत्यगृह समोरून दिसतच नाही. कातळाची एक भिंत तशीच ठेवलेली आहे, तिच्यातल्या अरुंद बोळातून आत जायचं आणि मान वर करायची. भले थोरले खांब, माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाने, पुसणकाने दान दिल्याचा लेख इथे आहे. शेजारचा विहारही वेगळा आहे. विहार चौकोनी असायचे, हा मागच्या बाजूला गोल होत जातो आणि छत हत्तीच्या पाठीसारखं.

पण बाबा रमले ते बाहेरच्या पाण्याच्या टाक्यापाशी. टाक्यावर ब्राह्मी लेख आहे, महाभोजाची मुलगी सामडिनिका हिने दिलेलं हे दान. ती मोठ्या घरची बाई होती, महारथिनी. मी वाचलेलं सांगितलं. बाबा टाक्यात वाकून बघत म्हणाले, "बघ, टाकी बांधली तर नाव राहतं." मग पाण्यावर तरंगणारी वेफर्सची पिशवी त्यांनी काठीने ओढून बाहेर काढली आणि खिशात घातली. ती पिशवी पुढे तीन दिवस आमच्याबरोबर फिरली, कारण कचऱ्याचा डबा म्हणून जे काही दिसे ते आधीच ओसंडून वाहत असे.

(बेडशाला जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत चढा. पायऱ्यांवर सावली नाही. खाली गावात चहाची खात्री नाही, पाणी कामशेतलाच भरून घ्या. आणि लेण्यात मोठ्याने बोलू नका, शिल्पांच्या आदरापेक्षा मधमाशांच्या भीतीने.)

पवनानगरला दुपारी पोचलो. जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात. मिसळ खाल्ली, रस्सा इतका तिखट की भाच्याने दोन वेळा पाव मागवला आणि रस्सा मला दिला. मग धरणाची भिंत बघायला गेलो. वर जायला परवानगी नाही. फाटकावरच्या रखवालदाराने फोटोही काढू दिले नाहीत, पण बाबांनी "आम्ही निगडीहून आलोय, तुमचं पाणी पितो," असं सांगितल्यावर त्याला हसू आलं. "मग पाणी बघा की, ते थोडंच बंद केलंय," म्हणाला.

आणि पाणी बघून भाच्याचा चेहरा पडला.

मोबाईलवरच्या फोटोत पाणी गवताला टेकलेलं होतं. इथे मे महिन्याची अखेर. झाडांची रेघ संपते तिथून पाण्यापर्यंत तांबड्या मातीचे पट्टे, एकाखाली एक, जणू भांड्याला आतून कडा धरल्यात. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी काही दिवस तिथे टेकलं आणि पुढे सरकलं. सगळ्यात खाली काळपट, भेगाळलेला गाळ आणि मग पाणी.

"एवढंच?" भाचा म्हणाला.

"एवढंच," बाबा म्हणाले. "आता कळलं मी नळ का बंद करतो ते?"

उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी, हा आकडा पावसाळ्यात आमच्या पेपरात रोज असतो. आज धरण इतके टक्के, उद्या तितके. टीएमसी म्हणजे काय ते भाच्याला माहीत नव्हतं. एक अब्ज घनफूट, म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. त्याने मोबाईल काढून हिशेब केला. पूर्ण भरलेल्या पवनेत आमच्या गच्चीसारख्या हजार लिटरच्या चोवीस कोटी टाक्या बसतात. बाबांनी तो आकडा दोनदा म्हणून घेतला. रात्री झोपताना पुन्हा एकदा विचारला.

धरणातून पाणी नदीत सोडतात, ते वाहत खाली येतं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात आणि निगडीत सेक्टर २३ ला शुद्ध करतात. नदीऐवजी बंद जलवाहिनीतून थेट शहरात पाणी न्यायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नदी आटली तर काठच्या शेतीचं काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती महामार्गावरच्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. योजना पुढे कित्येक वर्षं थांबून राहिली. मला तो दिवस आठवतो तो टीव्हीवरच्या बातम्यांमुळे. त्या दिवशी आमच्या नळाला नेहमीसारखं पाणी होतं, हेही आठवतं.

मुक्काम काठावरच्या तंबूत. बुकिंग फोनवर झालं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तंबूवाला दादा तिशीचा, स्वतःच्या शेतात बारा तंबू टाकलेला. स्वयंपाक त्याची आई करते. सगळे तिला आजी म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. रात्री पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा आणि इंद्रायणीचा भात. इंद्रायणी इथलंच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेलं वाण. शहरात इंद्रायणी म्हणून जे मिळतं ते आणि हे यांची तुलना करायची माझी इच्छा नाही, कारण आता घरी तेच खायचं आहे.

शेजारच्या तंबूंतल्या मंडळींनी मोठा स्पीकर आणला होता. साडेदहापर्यंत त्यांची गाणी पाण्यापलीकडच्या डोंगरावर आपटून आमच्याकडे परत येत होती. म्हणजे प्रत्येक गाणं दोनदा. कंटाळून आम्ही टॉर्च बंद ठेवून शेताच्या बांधाने मागे ओढ्याकडे चालत गेलो. आणि तिथे एक झाड लुकलुकत होतं.

काजवे. आधी दहा-वीस वाटले. डोळे सरावले तसं लक्षात आलं, पूर्ण झाड भरलंय आणि ते एका तालात पेटतंय, विझतंय. पायथ्याशी करवंदीच्या जाळीतही होते. भाच्याने फोटो काढायला मोबाईल उचलला, पडद्याच्या उजेडाने जवळचे काजवे विझले. त्याने आपण होऊन फोन खिशात टाकला. बाबा म्हणाले, १९७५ साली नोकरीला म्हणून चिंचवडला आलो तेव्हा नदीच्या कडेला, मोरया गोसावींच्या देवळाच्या पलीकडे असे दिसायचे. मी त्या घाटावर लहानाची मोठी झाले. मला एकही आठवत नाही.

दुसरा दिवस : तिकोना, वाघेश्वर आणि उखळ

पहाटे सव्वापाचला दादाच्या जीपमधून तिकोना पेठ. उन्हाळ्यात गडावर जायचं तर याच वेळेला, साडेआठनंतर कातळ तापतो. प्रत्येकी दोन लिटर पाणी हवंच.

तिकोना सोपा किल्ला मानतात. शेवटचा टप्पा सोडला तर आहेही. वाटेत वेताळ दरवाजा लागतो, पुढे चपेटदान मारुती. दगडातला, उभा, एका पायाखाली राक्षसीण आणि हात उगारलेला. भाच्याने तशी पोज देऊन फोटो काढून घेतला. पुढे चुन्याचा घाणा आणि मग ती प्रसिद्ध पायऱ्यांची चढण. एकेक पायरी गुडघ्याएवढी, बाजूला धरायला तारेचा दोर. इथे आम्ही बाबांना थांबायला सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, पिशवीत टाकल्या आणि अनवाणी, दोर धरून, पायरीवर आधी हात मग पाय असे चढले. मागून मी, डोळे त्यांच्या टाचांवर. पंचवीस मिनिटं लागली. वर पोचल्यावर त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "उतरताना बघू."

माथ्यावर त्र्यंबकेश्वर महादेवाचं देऊळ आहे. कड्यावर बसलं की समोर तुंग, उजवीकडे लोहगड आणि विसापूर, आणि मधे पवनेचं पाणी, हातापायाची बोटं पसरल्यासारखं दऱ्यादऱ्यांत शिरलेलं. हे चारही किल्ले महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत होते. एका नजरेत बसणारे चार किल्ले एका सहीने गेले, हे पुस्तकात वाचलं तर कळत नाही, इथे बसलं की पोटात जातं. तेव्हा अर्थात मधे पाणी नव्हतं. तिकोन्यावरून उतरून, पवनेचं खोरं ओलांडून तुंगला चालत जाता येत असे. धरण झाल्यावर ट्रेकर मंडळी ब्राह्मणोलीहून लाँचने पलीकडे केवऱ्याला जायची आणि तिथून तुंग चढायची. माझ्या कॉलेजातल्या सीनियरांनी असं केलंय. आता सगळे गाडीने वळसा घालून जातात.

वरही टाकी आहेतच, कातळात खोदलेली. पाणी हिरवट झालेलं. बाबांनी काठावर बसून हिशेब मांडला, इथे शिबंदी किती असेल, माणशी किती पाणी लागेल, पाऊस चार महिने, मग आठ महिने पुरवायचं. "म्हणजे यांनाही दिवसाआडच," म्हणाले.

उतरताना ते बसून उतरले. पँटची बैठक फाटली, त्याची चर्चा घरी करायची नाही असं ठरलंय.

दुपारी झोप. बाहेर अडतीस अंश तरी असतील, वारा बंद. तंबू दुपारी भट्टी असतो हे कुठल्याही जाहिरातीत लिहीत नाहीत. आम्ही आजींच्या ओसरीवर आडवे झालो.

चार वाजता दादा म्हणाला, वाघेश्वर वर आलाय, बघायचा तर आत्ताच, पाऊस पडला की गेला परत. धरणाच्या पोटात हे महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ आहे. वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. आजीही "मी येते" म्हणत जीपमध्ये बसल्या.

गाडी थांबली तिथून भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. देवळाचे दगड काळे, पण त्यांच्यावर वाळलेल्या गाळाचा करडा थर, आणि सांध्यांत शिंपले आणि गोगलगायींचे रिकामे शंख अडकलेले. एका दगडाच्या खोबणीत मासे पकडायच्या जाळ्याचा निळा नायलॉनचा दोरा होता. गाभाऱ्यात ओल होती, बाहेर एवढं ऊन असून. कोणीतरी सकाळी येऊन फुलं वाहून गेलेलं. आठ महिने पाण्यात असलेल्या देवाला वर तांब्याभर पाणी घालावं की नाही, असा मला प्रश्न पडला. आजींनी घातलं. बाटलीतलं.

मग त्या म्हणाल्या, "आलाच हाय तर आमचं घर बी बघा."

परत येताना अलीकडे जीप थांबवून त्यांनी आम्हाला उतारावरून खाली नेलं. जमिनीत जोत्यांचे दगड रांगेने दिसत होते. इथून तिथवर एक घर, मग बोळ, मग दुसरं. आजी न चुकता चालत होत्या, वळणावर वळत होत्या, जिथे वळण नव्हतंच. "हे पाटलाचं. हितं पिंपळ व्हता. ही आमची आळी." एका जोत्यात शिरल्या, उंबरा असेल तिथून. आत जाऊन त्यांनी पायाने गाळ बाजूला सारला आणि खाली बसून हाताने उकरायला लागल्या. भाचा मदतीला धावला. चार बोटं गाळ निघाल्यावर दगडात एक गोल खळगा लागला. आतून गुळगुळीत, तळाशी पाणी आणि एवढीशी शेवाळ.

"उखळ," आजी म्हणाल्या. "लगीन होऊन आले ते हितं. दोन वर्सं कांडलं म्या हितं. मग पाणी आलं."

त्या सबंध तीन दिवसांत मी त्यांच्या तोंडून तलाव, लेक, जलाशय असा शब्द ऐकला नाही. धरणसुद्धा क्वचित. पाणी आलं, पाणी उतरलं, पाणी चढलं, एवढंच. वर शेतात घर हलवलं ते स्वतःच्या जागेवर. पुनर्वसनाचं विचारलं तर हात हवेत उडवला. पवनेच्या कितीतरी धरणग्रस्तांचं पन्नास वर्षांनंतरही तसंच भिजत पडलंय.

बाबांनी विचारलं, "ताई, तुमच्या नळाला पाणी रोज येतं का?"

आजी हसायलाच लागल्या. "उन्हाळ्यात दोन-दोन दीस न्हाई येत. आन् हे बघा की एवढं समोर."

बाबा गप्प झाले. उखळातला गाळ त्यांनी रुमालाने पुसून काढला. मला वाटतं दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नसावं.

एवढ्यात भाचा पाण्याकडे पळाला आणि आम्हाला त्या दिवसाचा खरा धडा मिळाला. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ पाण्याजवळ खाली लोण्यासारखा असतो. तिसऱ्या-चौथ्या पावलाला तो गुडघ्यापर्यंत आत. पाय उपसायला गेला तर दुसरा रुतला. दादा ओरडला, "हलू नको! मागं बस, मागं बस!" तो बसला. दादाने जीपमधून फळी आणली, ती गाळावर टाकली, पोटावर झोपून पुढे सरकला आणि त्याच्या काखेत हात घालून ओढला. पाच मिनिटांचा मामला. पण त्या पाच मिनिटांत बाबा जे पुढे झाले त्यात त्यांची उजवी चप्पल गाळाने खाल्ली, आणि तीही दादानेच कोपरापर्यंत हात घालून काढून दिली.

म्हणून कळकळीने लिहिते. पाण्याच्या कडेला जाऊ नका, पोहायला तर नाहीच. वरून सपाट दिसतं, आत जुनी शेतं, बांध, विहिरी आहेत, मधेच तळ नाहीसा होतो. ठिकठिकाणी पाट्या आहेत आणि दर वर्षी माणसं बुडतात. बुडणारे बहुतेक आमच्यासारखे बाहेरून आलेले.

रात्री आठला वळीव आला. आधी मातीचा वास, मग वारा, मग सगळं एकदम. शेजारच्यांचा स्पीकर आडवा झाला (मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू), दिव्यांच्या माळा उडाल्या आणि आमच्या तंबूचे दोन खुंटे उपटून तो पतंगासारखा फडफडायला लागला. सामान उचलून ओसरीवर पळालो. तिथे आधीच तीन तंबूंतली माणसं होती, आमचे स्पीकरवाले शेजारीही. भिजलेली, गारठलेली, अगदी साधी कॉलेजची पोरं निघाली. आजींनी सगळ्यांना काळा चहा केला. बाबा पागोळ्यांखाली बादली लावायला उठले, ती भरली की दुसरी. दादाने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "काका, राहू द्या आता. पडायचं तिथंच पडतंय ते."

तिसरा दिवस : तुंग

सकाळ धुतल्यासारखी. तांबडे पट्टे रात्रीतून गडद झालेले. पाणी वाढलं का म्हणून भाचा बघून आला, त्याने काल रोवलेली काडी होती तिथेच होती. एका वळवाने धरण भरत नाही.

जवण, मोरवे, चावसरच्या बाजूने पाण्याला वळसा घालत जीप तुंगवाडीला गेली. रस्ता खराब पण रिकामा. वाटेत एक मुलगी पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. पिकली, काळी, चिकाने बोटं चिकट करणारी. चार द्रोण घेतले, तुंगवाडीपर्यंत दोनच उरले.

तुंगचं दुसरं नाव कठीणगड. लांबून बघितलं तर सुळकाच वाटतो, वर किल्ला असेल असं वाटत नाही. बाबांनी पायथ्याच्या मारुतीच्या देवळात बैठक मारली आणि आम्हाला हाताने जा म्हणून खूण केली. ती फाटलेली पँट आणि वाळून कडक झालेली चप्पल, दोघींचा मान राखून.

वाट अरुंद आहे, एका बाजूला कडा, दुसरीकडे थेट खाली. रात्रीच्या पावसाने माती घसरडी होती, म्हणून सावकाश गेलो. बूट चांगले हवेत. पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन इथे येऊ नये असं माझं मत. गोमुखी दरवाजा, पुढे गणपतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, आणि मग शेवटची चढण तुंगीदेवीच्या छोट्या देवळापर्यंत. माथा एवढासा की दहा माणसं आली तर अकराव्याने वाट बघावी. आम्ही दोघंच होतो.

काल तिकोन्यावरून तुंग पाहिला, आज तुंगवरून तिकोना. त्याचा त्रिकोण आज नीट कळला. खाली पाणी, आणि पाण्याच्या अलीकडे भाच्याने बोट दाखवलं, "मावशी, ते आजींचं घर का गं?" तंबूंचे रंगीत ठिपके दिसत होते. मी म्हटलं, हो, ते वरचं. तो म्हणाला, "नाही, खालचं." मग बराच वेळ आम्ही ती आळी शोधत होतो. वरून सगळी तांबडी माती सारखीच दिसते.

खाली आलो तर बाबा आणि गावातले एक गृहस्थ पाण्यावर बोलत बसलेले. हातात ताकाचा ग्लास.

परत घुसळखांबवरून लोणावळा. त्या रस्त्यावर शनिवार-रविवारची गर्दी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे, आम्ही मंगळवारी होतो म्हणून सुटलो. चिक्की घेतली. लोकलमध्ये भाचा माझ्या खांद्यावर झोपला आणि तळेगावपर्यंत बाबाही.

खर्चाचं विचारतात म्हणून : तंबू, संध्याकाळचं आणि सकाळचं खाणं धरून माणशी बाराशे, दोन रात्री. जीपचे वेगळे, आधी ठरवून घ्यावेत. शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगितलं तर आजी भरलं वांगं करतात. वाघेश्वर बघायचा असेल तर मे महिन्यात जा आणि आधी फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. हिरवंगार तळं बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण मग उखळ दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार, पाण्याचा दिवस. पहाटे मोटरच्या आवाजाने जाग आली. गच्चीवर गेले तर टाकी भरत होती आणि बाबा अर्ध्या बादलीत ती उजवी चप्पल बुडवून नारळाच्या शेंडीने घासत होते. पाणी आधी तांबडं झालं, मग काळपट. घासून झाल्यावर त्यांनी बादली उचलली, मोरीकडे दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन ते गढूळ पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. मग कान देऊन म्हणाले, "आवाज बदलला बघ. जा, मोटर बंद कर."